ऐकतानाचा शॉट

अरुंधतीने चित्र थांबवलं. पडद्यावर भैयाजींचे डोळे भरून आले होते आणि एक थेंब चष्म्याच्या कडेशी अडकला होता.

"हाच, मॅडम," मागे उभा असलेला सौरव म्हणाला. तो चॅनलवर नवा होता. "याच्याशिवाय भैयाजी म्हणजे बिनातर्रीचे पोहे."

सीताबर्डीतल्या या लोकल चॅनलवर भैयाजींनी बावीस वर्षं रात्री अकरा वाजता लोकांना बोलतं केलं. गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. आज संध्याकाळी त्यांच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम जायचा होता आणि तो जोडायचं काम अरुंधतीकडे होतं. पहिल्या भागापासून तीच त्यांची संपादक. रुपराव पहेलवान आपल्या आखाड्यातल्या जोडीदाराच्या तेरवीची गोष्ट सांगतात आणि भैयाजी रडतात, हे दृश्य शहराला पाठ होतं. बँकेत, लग्नात लोक त्यांना थांबवून त्याबद्दलच बोलत.

ते दृश्य खरं नव्हतं.

तेव्हा स्टुडिओत कॅमेरा एकच. तो पाहुण्यावर असे. पाहुणा गेला की तो भैयाजींकडे वळवायचा आणि त्यांचं ऐकणं वेगळं टिपायचं: मान हलवणं, हसणं, गप्प होणं. नजर ठरावी म्हणून पाहुण्याच्या खुर्चीत अरुंधती बसे. आवाज घ्यायचा नसल्यामुळे ती काहीही बोले, अगदी भाजीचे भावसुद्धा. रुपराव येऊन गेले त्या दिवशी मात्र ती डॉक्टरांकडून थेट आली होती. तिच्या दीड वर्षाच्या मुग्धाला ऐकू येत नव्हतं. घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. भैयाजी म्हणाले, "बोल न वं काही," आणि ती तेच बोलली; कॅमेरा चालूच होता.

भाग जोडताना बाकीचे शॉट फिके वाटले. प्रसारणाला वीस मिनिटं होती. तिने भैयाजींच्या भरल्या डोळ्यांचा तोच शॉट रुपरावांच्या गोष्टीला लावला. त्याला सतरा वर्षं झाली होती.

दार लोटून भैयाजी आत आले. चार वाक्यं रेकॉर्ड करायला त्यांना बोलावलं होतं.

"कोणाचा फोटो पाहून राहिली वं?"

"भैयाजी, हा शॉट आज नको."

"काहून?"

"तुम्ही रुपरावांसाठी रडला नव्हतात."

भैयाजी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "मी कोणासाठी रडलो, हे मलेच माहीत नसन का?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"त्या रात्री घरी टीव्हीवर पाहिलं मी. म्हटलं, हिले आपलं दुःख कोणाले तरी दाखवायचं असन. दाखवू दे."

घाई होती, शॉट चांगला होता, एवढंच अरुंधतीने तोवर स्वतःला सांगितलं होतं.

"लोकांना फसवलंच ना पण."

"फसवलं न. तू तं नुसतं जोडलं, वाहवा तं मी खाल्ली." ते हसले. मग हळू म्हणाले, "खरं सांगायचं असन तं सांग आज. माह्या नावाची फिकीर नको करू. पण गोष्ट माही नाही. तुहीबी पुरी नाही."

सौरव दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. एवढ्या वेळात त्याच्या बऱ्याच गोष्टी लक्षात आल्या होत्या. त्याने घसा खाकरला.

"मॅडम, खालच्या पट्टीत नाव द्यावं लागेल. भैयाजी कोणाचं ऐकून राहिले म्हणून टाकू?"

"थांब. आधी तिला विचारते."

मुग्धा कॉलेजच्या कँटीनमध्ये होती. अरुंधतीने व्हिडिओ कॉल लावला, फोन मॉनिटरला टेकवून उभा केला आणि दोन्ही हात वर घेतले. पहिली खूण अर्ध्यावरच थांबली. तिने परत सुरुवात केली.

भैयाजींनी आपली खुर्ची वीतभर बाजूला सरकवली, तिचे हात फ्रेममध्ये पूर्ण यावेत म्हणून.