चाललंय

ब्रिस्टलला आमच्या सर्जरीतून, म्हणजे इथल्या दवाखान्यातून, डायबेटिसवाल्यांना फॉर्म आला. तुम्ही आमच्या सेवेवर समाधानी आहात का? माझी सून राजश्री ऑफिसला निघता निघता म्हणाली, "आई, दवाखान्याचं कसं काय?" मी पोळी लाटत म्हणाले, "चाललंय." तिनं सगळीकडे 'समाधानी'वर टिक करून फॉर्म पोस्टात टाकला.

आता चाललंय म्हणजे समाधानी का? नवऱ्याचं विचारलं तरी आपण चाललंयच म्हणतो.

महिन्याभरानं सर्जरीच्या भिंतीवर कागद लागला. इंग्रजी मी वाचते, सावकाश. एक्क्याण्णव टक्के रुग्ण समाधानी. खाली बारीक अक्षरात, पाय तपासायचा बुधवार यापुढे बंद.

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षांत कुणी मला मोजे काढायला सांगितलं नव्हतं. उजव्या पायात चप्पल आहे की निसटली, तेही मला कळेनासं झालं होतं. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी बोट गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. मला पाय घालवायचा नव्हता.

राजश्री सोबत होती, तिच्याकरवी मी काउंटरवर माझा फॉर्म परत मागितला. फॉर्मवर नावच नसतं, म्हणून तो परत मिळत नाही, असं ती बाई म्हणाली.

राजश्री कुजबुजली, "आई, चला ना. लोक बघतायत."

"बघू देत. नागपूरला तीस वर्षं शिकवलंय मी. माझा पेपर दुसऱ्यानं लिहिलाय आणि हे मला पास करतायत. पाय बघितल्याशिवाय सिंधुबाई इथून हलणार नाही, असं सांग तिला."

मी खुर्चीत बसले, बूट काढले, मोजे काढले. राजश्रीचा चेहरा लालबुंद झाला, पण तिनं शब्दन्‌शब्द सांगितलं.

शेवटी नर्स आली. मला डोळे मिटायला लावून ती तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवत होती. कळतंय का, असं इतकं गोड विचारायची की हो म्हणायची सवय जिभेवर यायची. मी दात आवळले.

"नो." पुन्हा "नो." दहा वेळा नो.

डोळे उघडले तेव्हा नर्स हॉस्पिटलला तातडीची चिठ्ठी लिहीत होती. वेळेत आलात, पाय वाचेल, म्हणाली. राजश्रीनं डोळे पुसले, काउंटरवरून नवा फॉर्म आणला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"आई, तुम्हीच लिहा."

मी शेवटच्या चौकटीत टिक केली, अजिबात समाधानी नाही. आणि नाव लिहू नये असं छापलं होतं, तिथंच माझं पूर्ण नाव लिहिलं.