डाव्या हाताची पंगत

बटण हातात आल्याबरोबर हैबतरावांनी ते दाबायला सुरुवात केली. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून नजर समोर ठेवायची आणि बाजूला कुठं बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं, एवढंच काम होतं. पण परीक्षा म्हटली की पास व्हायचंच. दिवा दिसो न दिसो, त्यांचा अंगठा चालूच राहिला.

"काका, दिवा नसतानाही दाबताय. मशीनला कळतं ते," डोळे तपासणारी वैष्णवी म्हणाली.

"मशीन लई आगाऊ हाय."

"अवं, शाळंत तरी कवा पास झाला व्हता?" दारातून सगुणाबाई म्हणाल्या. "खरं काय ते दाबा!"

बायकोनं बळंच पिरंगुटच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणलं, त्याला कारण होतं. उत्सवाच्या गावजेवणात आमटीची बादली पस्तीस वर्षं हैबतरावांच्या हातात. थेंब न सांडता दोनशे पानं वाढणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. यंदा मात्र डाव्या ओळीत बसलेला सख्खा धाकटा भाऊ जयसिंग दोनदा कोरडा राहिला. बांधावरून दोघांत आधीच अबोला. जयसिंग भरल्या पानावरून उठला आणि त्याच्यामागून भावकीतली चार घरं उठली. हैबतराव नुसते मिशीला पीळ देत राहिले. खरं तर त्यांना भाऊ दिसलाच नव्हता. पण तसं सांगितलं असतं तर बादली गेली असती. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा माजोरडा म्हणवून घेणं त्यांना सोयीचं वाटलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी इमानदारीनं बटण दाबलं. डाव्या डोळ्याचा कागद बराचसा काळा आला; काळं तेवढं त्यांना दिसत नव्हतं.

"काचबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत गेलीय. दुखत नाही, म्हणून कळत नाही."

"मग आपरेशन करून टाका, मोतीबिंदूवानी."

"गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची. रोज थेंब घालायचे, एक दिवसही चुकवायचा नाही. आणि हे रक्ताच्या नात्यात असतं. भाऊबहीण कोणी आहे?"

"न्हाई," हैबतराव म्हणाले.

सगुणाबाईंनी नुसतं पाहिलं. घरी येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि हैबतरावांना तेच सोसेना. ते थेट जयसिंगच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले.

"डोळं तपासून घे."

"माझं? का म्हून?"

"मुद्दाम न्हाई वगळलं तुला. मला डावीकडं दिसतच न्हाई. तुला बी तसंच हुईल."

जयसिंग चिडून म्हणाला, "मग तवाच सांगायचं की, दादा! चार घरं उठवली म्या. त्यास्नी आता काय सांगू?"

जयसिंगच्याही डोळ्यात दाब निघाला, पण नस शाबूत होती. नशीब, लवकर सापडलं. आता दोन्ही घरांत थेंबांच्या वेळेला सगुणाबाईंचा आवाज घुमतो.

पुढच्या उत्सवात हैबतराव बादली ठेवून द्यायला निघाले, तर जयसिंगनं ती उचलली. "वाढायचं वगराळं तू धर. डावीकडं मी हाय."

सगळ्यांची जेवणं झाल्यावर जयसिंग शेवटच्या पंगतीला बसला. हैबतरावांनी पूर्ण मान वळवून त्याचं पान शोधलं आणि आमटी वाढली.

"आनखी वाढ. दोनदा कोरडा राहिलोय."

त्यांनी पुन्हा वाढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमटी पानाबाहेर सांडली. जयसिंगनं कुणाकडं न बघता ती भाकरीच्या तुकड्यानं टिपली आणि तो तुकडा तोंडात टाकला.