एकाचा नऊ

माझ्या प्रत्येक अपयशाचं खापर मी ताईच्या डोक्यावर फोडत आले. या वेळी खापर खरोखरच हातात आलं.

ताई म्हणजे उत्खननाची प्रमुख झालेली पहिली बाई. सुरुवातीला साहेब म्हणाले होते, "बायकांनी शेडमध्ये बसून खापरं धुवावीत." हिनं सहा वर्षं धुतली आणि सातव्या वर्षी त्याच साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसली. मी तिची धाकटी बहीण, तिच्याच खात्यात खापरांची चित्रं काढते. मला सगळे 'ताईंची बहीण' म्हणतात. अंगाचा नुसता तिळपापड होतो.

ताईचं नाव झालं ते रंगवलेल्या भांड्याच्या एका तुकड्यावर. तो नवव्या थरात, म्हणजे पार तळाशी सापडला. म्हणून इथली माणसं भांडी रंगवायला फार आधी शिकली, असं तिचं म्हणणं. त्यावर आता पुस्तक येणार होतं. चित्रासाठी मी तुकडा उलटा केला. आत ताईने शाईने तारीख आणि थराचा आकडा घातला होता. भिंग धरलं आणि उडालेच. तो ९ नव्हता, १ होता!

घाईत ताईचा एक असा काही वळतो, की परक्याला नऊ वाटावा. कारकुनाने वहीत नऊ उतरवला, पुढे ताईही वहीवरच विसंबली. मी फसणार नव्हते. शाळेत ती पहिली यायची, मी नववी. एकदा प्रगतिपुस्तकातल्या माझ्या नऊचा मी एक केला होता. ताईने पाहिलं, पण चुगली केली नाही. तो राग अजून आहे.

तिची जुनी डायरी काढली. तुकड्यावरच्या तारखेला फक्त वरचा, पहिला थर खणला होता.

खोलीत जाऊन सांगता आलं असतं. मी तिच्या भाषणाची वाट पाहिली. भरल्या सभागृहात डायरी, तुकडा आणि भिंग घेऊन उभी राहिले.

"ताई, तो नऊ नाही. एक आहे. तुझ्याच डायरीत बघ."

तिनं डायरी वाचली, तुकडा भिंगाखाली धरला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "वीस वर्षं मी चुकीचं सांगत होते. पुस्तक थांबवते. ही माझी बहीण. हिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे."

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. तिच्यासाठी. केवढा मोठेपणा, म्हणे!

एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे धावत आली. माझा जीव सुपाएवढा झाला.

"तुम्ही ताईंची बहीण ना? त्यांची सही जरा लवकर आणून द्याल? मला बस गाठायचीय."

वही घेऊन मी रांगेत उभी राहिले. पुढची डोकी मोजली. माझा नंबर नववा होता.