टाकीवरचा शेंदूर

जामुलच्या वाटेवर भय्याजींच्या शेतात माणसांचा नुसता गराडा पडला होता. बायका आरतीची ताटं घेऊन आल्या होत्या, गडी डोक्याला दुपट्टे बांधून उन्हात उभे होते, आणि मध्ये उभा होता रॉकेलवर चालणारा लाल ट्रॅक्टर. त्या गावातला पहिलाच. कुण्या भाविकाने त्याच्या पुढ्यात तणसाची पेंडी टाकली होती आणि तो खात नाही म्हणून दोघीतिघी काळजीत होत्या.

ट्रॅक्टर नांगरता नांगरता बंद पडला होता. मग इंजिनबाबा पुढे आले. छातीपर्यंत दाढी, गळ्यात रुद्राक्षांमध्ये ओवलेला एक लोखंडी नट.

"लोहा भी माता का बच्चा है!" बाबा गरजले. "बच्चा रूठा, तो मनायेगा कौन?"

त्यांनी शेंदराने माखलेलं टाकीचं झाकण फिरवून उघडलं, कमंडलूतलं तीर्थ आत सोडलं, झाकण लावलं आणि वर पुन्हा शेंदूर लिंपला. तीर्थाला वास रॉकेलचा येत होता, पण भक्तीत नाक कोण खुपसणार?

"अब घुमाव हँडल!"

हँडल फिरलं, इंजिन धडधडलं आणि निम्मं गाव मातीत लोटांगण घालून मोकळं झालं.

हँडल फिरवणारा कवडू मात्र मान खाली घालून उभा होता. कवडू माझा मेहुणा. पोलादाच्या प्लांटसाठी जमीन सपाट होत होती, तेव्हा तिथल्या यंत्रांवर तो हे काम शिकला. त्याचा हात पाहूनच भय्याजींनी त्याला ठेवलं होतं. पण ट्रॅक्टर रोज अडू लागला आणि बाबांनी कारण शोधून काढलं: "जिसने देव छोड़े, उसके हाथ में लोहा नहीं टिकता." आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, हे गावाला ठाऊक होतं. कवडूला काढून टाकायचं आणि तलावाकाठचा तुकडा बाबांना मठासाठी द्यायचा, असं भय्याजींनी जवळजवळ ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी कवडू सुपेल्याला आमच्या घरी आला. त्याला जेवण जाईना.

"प्लग पायले, कारब्युरेटर साफ केला. काई खराबी नाई, भाऊजी. मंग बंद काऊन पडते?"

मी कपाळाला आठ्या घालून बराच विचार केल्यासारखं केलं. माझी बायको सत्यशीला, कवडूची बहीण, कामगारांच्या कॅम्पातल्या शाळेत मास्तरीण. तिने आठ्या न घालता विचारलं, "आन टाकीचं झाकण?"

"त्याले मले हात नाई लावू देत. सकाळी बाबा सोताच उघडते, मी रॉकेल भरतो, मंग ते शेंदूर लावून बंद करते."

"त्या झाकनाले भोक असते का?"

कवडूचा घास हातातच राहिला. "असते, बाई. बारीकसं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ट्रॅक्टर पुन्हा अडला, बाबा कमंडलू घेऊन निघाले, तशी सत्यशीला आडवी गेली. आम्ही पाण्याने भरलेला, वरून कथलाचा डाग देऊन बंद केलेला एक डबा नेला होता. तिने त्याला खिळ्याने एक भोक पाडलं आणि डबा उलटा केला. दोन गुळण्या टाकून धार थांबली.

आरतीचं ताट घेऊन पुढेच उभ्या असलेल्या म्हातारीला तिने विचारलं, "गयाबाई, रॉकेलवाला डब्याले दोन भोकं काऊन पाडते?"

"आता एका भोकानं धार येते का, बाई? हवा नको का जायाले?" गयाबाई म्हणाली आणि बोलता बोलता ट्रॅक्टरच्या टाकीकडे पाहत राहिली.

सत्यशीलाने दुसरं भोक पाडलं. पाणी भळाभळा वाहू लागलं.

"छूना मत! खून की उल्टी होगी!" बाबा ओरडले. लोक मागे सरले. सत्यशीलाने टाकीवरचा शेंदूर बोटाने खरवडून काढला. कवडूने बाभळीच्या काट्याने ते बारीक भोक मोकळं केलं. टाकीतून सूं करून आवाज आला, जणू कोणी दम घेतला. ना मंत्र, ना तीर्थ. त्याने हँडल फिरवलं आणि इंजिन सुरू झालं.

"योगायोग असंल," भय्याजी पुटपुटले.

"मंग तुमच्याच हातानं बुजवा," सत्यशीला म्हणाली.

त्यांनी शेंदूर चेपून भोक बुजवलं. ट्रॅक्टर निघाला, तीन-चार फेऱ्या मारून धापा टाकू लागला आणि गप्प झाला. शेंदूर काढला, तसा पुन्हा चालू.

भय्याजी बाबांकडे वळले. "हे तुमाले कोनं शिकवलं?"

बाबांचा आवाज एकदम माणसासारखा झाला. "पावर हाउसच्या नाक्यावर ट्रकवर क्लीनर होतो. एकदा चिखलानं झाकण बुजलं, ट्रक थांबला. तवा समजलं."

मारायला दोघं धावले. सत्यशीलाने त्यांना अडवलं. "कालपर्यंत पाया पडत होते, आज मारता? दोन्ही वेळी इचार केला नाई! रॉकेल खाली जाते तितकी हवा वरून आत याले लागते; बाबा झाकन उघडे, तवाच ते आत जाये. हे तुमच्या घरातल्या हरेक बाईले ठाऊक हाय. फक्त शेंदूर दिसला का तुमी इचारनं सोडता. कोनी चमत्कार दाखवला तर आधी इचारा, कसं केलं? आन एखाद्याच्या पोटावर पाय देन्याआधी तर दहादा इचारा."

भय्याजी कवडूजवळ गेले. म्हणाले, "चुकलं माह्यं. ते तलावाकाठचं रान बी नांगरायचं हाय. करशीन?"

कवडूने सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि ट्रॅक्टरवर चढला.