शेऱ्याच्या रकान्यातलं बेट

मी पाटी बोलतेय. शाळेत ज्या पाट्या तुम्ही दप्तर आपटून फोडल्यात, त्यांची मी थोरली चुलत बहीण. आकारानं एवढी मोठी, की मला दोन्ही हातांनी उचलावं लागतं. बाराखडी माझ्यावर कुणी गिरवली नाही. मी मालवाहू जहाजावर नोकरीला होते.

डोंगरातून काढून, घासून मला गुळगुळीत केलं आणि एका बाजूला कायमचे रकाने कोरले. वेळ, वेग, दिशा, वारा आणि सगळ्यात शेवटी शेरा. जहाजावर दर चार तासांनी पाळी बदलते. पाळीवरचा अधिकारी माझ्यावर आकडे लिहायचा. पाळी संपली की पुढचा अधिकारी ते नोंदवहीत उतरवायचा आणि ओल्या फडक्यानं मला पुसायचा. वहीत गेलं ते खरं, बाकी सगळं फडक्यात.

माझी मागची बाजू मात्र कोरी होती.

दुपारच्या पाळीला एक दुय्यम अधिकारी असायचा. तोंडानं अबोल, हातानं बडबड्या. आकडे झाले की मला उलटी करून मुंगीएवढ्या अक्षरात गोष्ट लिहायचा. बुडालेली जहाजं, बंड केलेले खलाशी, धान्याच्या पोत्यांत लपलेली बाई. पाळी संपायच्या आत स्वतःच पुसायचा. त्यामुळे त्याला सवयच लागली, की गोष्ट एका पाटीत बसवायची. माझी कड आली की थांबायचं, मग गोष्टीतला माणूस दोरीला लटकत का असेना!

एके दिवशी मागची बाजू भरली आणि गोष्ट ऐन रंगात होती. त्याला राहवलं नाही. मला सुलटी करून त्यानं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'डाव्या हाताला बेट दिसलं. किनाऱ्यावर कुणीतरी धूर करतंय.' तेवढ्यात खालून हाक आली म्हणून तो धावला. पाळी बदलली. नवा अधिकारी नाकासमोर चालणारा माणूस. त्यानं शेरा जसाच्या तसा वहीत उतरवला आणि मला पुसलं. आमचा लेखक परत आला, तर मी स्वच्छ! त्याला वाटलं, वाचली अब्रू.

कप्तानानं वही वाचून जहाज वळवलं. खलाशांनी दाढ्या केल्या, ठेवणीतले सदरे काढले. आचाऱ्यानं तर ताजं पाणी मिळणार म्हणून दोन पिंपांतलं जुनं पाणी ओतून टाकलं आणि ती घासून ठेवली. पाच तास झाले तरी बेट येईना. शेवटी आमचा लेखक मान खाली घालून कप्तानापुढे उभा राहिला.

कप्तानानं वही मिटली. मग म्हणाला, "अरे, नकाशात इथे बेट नाही हे मला ठाऊक होतं. तरी वळवलं. तुझं ते धुराचं वाक्य वाचलं आणि वाटलं, कुणीतरी वाट बघत असेल."

उरलेला प्रवास सगळ्यांनी पेल्यानं मोजून पाणी प्यायलं. पुढच्या बंदरात त्याला उतरवलं. कागदावर शिक्का बसला: खोटी नोंद. निघताना कप्तानानं मलाही त्याच्या पेटीत टाकलं. "हिलाही ने. हिच्यावर आता माझा विश्वास नाही." मला याचा अजून राग येतो. करणी त्याची आणि भोगायचं मी?

घरी आल्यावर त्यानं लेखक व्हायचं ठरवलं. पण कागदावर त्याला थांबताच येईना. पानंच्या पानं नुसते ढग! त्याची बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून घरी आलेली बाई. दोन महिने तिनं ढग वाचले आणि एका संध्याकाळी मला पेटीतून काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"अहो, पुरे झाला तो कागद. यावर लिहा, उतरवून मी घेते. पण वाचून माझ्या तोंडून 'मग?' निघालं तरच. नाहीतर फडकं तयार आहे."

पहिल्या नऊ पाट्यांपैकी सात तिनं पुसल्या.

"अगं, सूर्यास्त किती छान जमला होता!"

"होता ना. पण त्या दोरीवरच्या माणसाचं काय झालं?"

एक पाटी म्हणजे एक प्रकरण, अशा अकरा कादंबऱ्या झाल्या. खिशात मावतील एवढ्या. परिचारिका, गोदामांचे पहारेकरी, टपाल वाटणारे त्या हातोहात नेत. विद्वान नाकं मुरडत, 'प्रकरण सुरू झालं म्हणेपर्यंत संपतं!' मग दुसऱ्यांनीही तसंच लिहायला घेतलं. समुद्र गेला, त्याच्या जागी पोलीस आले, डॉक्टर आले, वकील आले. प्रकरणं मात्र तेवढीच, आणि नको तिथे तुटणारी. ही तऱ्हा कुणाची, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

तो गेला. प्रकाशन बंद पडलं, पुस्तकं मिळेनाशी झाली. मला स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं. नात माझ्यावर 'दूध, साबण, बल्ब' लिहायला लागली. जहाजावरचा अनुभव असा कामी आला! त्याची बायको म्हातारी झाली, तिची नजर हळूहळू गेली. तिला एकच गोष्ट कुरतडायची. येईल त्याला विचारायची, "त्यांचं काही उरलंय का हो कुठे?" लोक विषय बदलायचे. मला तिच्याकडे बघवत नसे.

नात बस डेपोत नोकरी करते. एका सुट्टीला तिनं डेपोबाहेरून आणलेली रहस्यकथा आजीला वाचून दाखवायला घेतली. ऐकता ऐकता म्हातारीचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर हलायला लागला, काही उतरवून घेत असल्यासारखा.

"थांब. आता दोन ओळी राहिल्या."

नातीनं पान बघितलं. प्रकरण संपायला दोनच ओळी होत्या. दुसऱ्या प्रकरणाला तेच. तिसऱ्यालाही.

"आजी, तुला कसं कळतं?"

"अगं, आयुष्यभर पाट्या उतरवल्यात मी. ही त्यांचीच पाटी आहे. कोण गं ही? यांच्याकडे शिकली का?"

"आजोबा गेले तेव्हा ती जन्मलीसुद्धा नसेल."

नातीनं लेखिकेला पत्र टाकलं. ती आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करणारी, चपला दाराबाहेर नीट जोडीनं ठेवणारी. आजोबांचं नाव तिनं ऐकलंही नव्हतं.

"आजी, खोटं कशाला बोलू? मी रहस्यकथा वाचत वाढले, तशीच लिहायला लागले. एवढं लिहून झालं की हात थांबतो. का थांबतो ते मला माहीत नाही."

म्हातारीनं मला खिळ्यावरून काढायला लावलं. दूध-साबण पुसलं गेलं. "यावर लिही बाई. बारीक लिही."

ती लिहीत गेली. कित्येक वर्षांनी माझ्या पाठीवर माणसं पळू लागली, दारं वाजू लागली. मी शहारले. शेवटचा शब्द बरोबर माझ्या कडेला आला. म्हातारीनं बोटं फिरवून कड चाचपली, आणि खालच्या ओळी फरफटल्या.

"अगं बाई! पुसलं का मी?"

"पुसू द्या, आजी. मला पाठ आहे," लेखिका म्हणाली. "त्यांचं नाव सांगा ना. सगळ्या पुस्तकांची नावं सांगा. मी लिहून घेते."

म्हातारीनं अकराच्या अकरा नावं सांगितली, एकाही ठिकाणी न अडखळता. तेव्हापासून 'काही उरलंय का' हे तिनं कुणाला विचारलेलं नाही. लेखिका दर रविवारी येते, नवं प्रकरण ऐकवते आणि बोलणी खाते. परवाच म्हातारीनं तिचा अख्खा पाऊस पुसायला लावला. ब्याऐंशीव्या वर्षी बाईला पुन्हा काम मिळालंय, आणि मलाही.

माझी चौकट आता खिळखिळी झाली आहे, एक कोपरा उडालाय. एखाद्या रविवारी मी हातातून सुटेन आणि फुटेन. हळहळू नका. ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, त्यांच्या हातांतही माझं माप आहे. फक्त तुकडे लगेच गोळा करा. आजीला दिसत नाही, आणि घरात ती अनवाणी हिंडते.