टाचेनं कापलेली नखं

अंगावरून वारं गेलं आणि जनकाबाईचा डावा हात लुळा पडला. उंद्री गावात तिच्यासारखी कुरडई कोणाला जमत नसे, अशी ती कसबी हाताची बाई. खाटेवर पडून राहणारी नव्हती. वर्षभरात काठी टेकत चालायला लागली, एका हातानं भाकर थापायला शिकली. अडलं ते नखांपाशी. लुळ्या हाताची नखं उजवा हात कापायचा. पण उजव्याची कोण कापणार?

लेक भागवत कापून द्यायचा. पण शेतातून आला की त्याला कायम घाई. एकदा बोटातून रक्तच काढलं. तेव्हापासून तिनं त्याच्यापुढं हात केला नाही. नखं वाढली. एका सकाळी नात छकुलीला तेल लावताना पोरीच्या गालावर ओरखडा उमटला. पोर कळवळून रडली. जनकाबाईचा चेहराच उतरला.

"काजल, नेलकटर आण व," ती सुनेला म्हणाली.

"मी कापून देऊ का, आत्याबाई?"

"आधी मले पाहू तं दे."

उन्हात बसून तिनं ते उलटंपालटं केलं. शेपटाशी बारीक भोक होतं. ते किल्ल्यांच्या साखळीसाठी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. जनकाबाई बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिली. मग तिनं भागवतला हाक मारली.

"यातून स्क्रू मार अन् हे पाटावर पक्कं बसव. तोंड पाटाच्या बाहेर राहू दे."

"काऊन व माय? चांगला पाट खराब होईन."

"होऊ दे. तू मार."

स्क्रू पिळला. नेलकटर जागचं हलेना. पाट जमिनीवर ठेवून ती शेजारी बसली, उजव्या हाताचं नख त्या तोंडात सरकवलं आणि दांडीवर पायाची टाच ठेवली.

"आत्याबाई, बोट सांभाळा!"

कट्! नख उडून अंगणात पडलं. मग दुसरं. अंगठ्यानं तेवढा त्रास दिला. त्याच्यासाठी पाट फिरवून घ्यावा लागला. पण तोही झाला.

गलका ऐकून शेजारची बेबीताई दारात आली. जनकाबाईनं पंजा तिच्यासमोर नाचवला.

"कोनं कापून देल्ले?" बेबीताईनं विचारलं.

"कोन देईन? मीच कापले. पायानं!"

आजारानं तोंड वाकडं झाल्यापासून ती पदराआडूनच हसायची. त्या दिवशी पदर खांद्यावरच राहिला, आणि तिचं हसू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.