खालच्या लीगचं गाऱ्हाणं

कुवेतमध्ये परदेशी कामगारांची एक मोठी फुटबॉल लीग होती. तिच्या दारात ‘खाडीकाठ इलेव्हन’ हा संघ दर हिवाळ्यात जाऊन उभा राहायचा आणि दर हिवाळ्यात हात हलवत परत यायचा. लीगवाले चहा पाजायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि जागा नाही म्हणून सांगायचे. यंदा तर चहासुद्धा पाजला नाही. तेव्हा महबूल्यातल्या खोलीवर परत आल्यावर पुंडलिक घाडीने बूट भिरकावले आणि जाहीर केलं, “जागा नाय तर नाय. आपली लीग आपण काढूया. ती वरची, तर आमची खालची!”

‘खालची’ हा शब्द लीगसाठी बोलावलेल्या शुऐबा बंदरावरच्या वेल्डरांना झोंबला. ते म्हणाले, आम्ही काय कुणापेक्षा खालचे आहोत काय? त्यावर मुनव्वर सोलकरने चहाचा कप खाली ठेवत विचारलं, “गावात खालच्या वाडीत ऱ्हवणारो माणूस कधी लाजता? ताजी मासळी पयली तेच्याच घराक येता.” कोकणातल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. नाव ठरलं.

हा मुनव्वर महबूल्यात एक छोटी कॅफेटेरिया चालवायचा. पुंडलिक विजयदुर्गच्या खाडीच्या या काठाचा, मुनव्वर त्या काठाचा. गावी असताना दोघांनी एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. मधे एवढंसं पाणी, पण ते ओलांडून भेटायला दोघांना वाळवंटात यावं लागलं. तेव्हापासून पुंडलिकचा शुक्रवार मुनव्वरच्या टपोऱ्या समोशांशिवाय उजाडला नव्हता.

पुंडलिक मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत पाइप फिटर. अंगाने आडवा, आवाजाने मोठा, मनाने लोण्याचा गोळा. गावात असताना कबड्डीतली त्याची पकड अशी होती की त्याच्या हातात घोटा सापडला की पोरं दम सोडून आईला हाक मारायची. फुटबॉलचं वेड मात्र इथलं. कॅम्पातल्या मल्याळी पोरांनी ते त्याला लावलं आणि ते उतरलंच नाही. पण वेड असणं वेगळं आणि खेळायला मिळणं वेगळं. त्याच्याहून चपळ पोरं नेहमीच जास्त असायची. मग पुंडलिक पाणी आणायचा, सगळ्यांचे बूट आणि पाकिटं सांभाळायचा, रेषेवर झेंडा धरायचा, कुणाचा पाय मुरगळला तर तेल चोळायचा. “पुंडलिक नाय तर आमचो संघ नाय,” असं सगळे म्हणायचे आणि त्याला बाहेर बसवायचे.

आणि आता त्याचं कंत्राट संपत आलं होतं. महिनाअखेरीस तो कायमचा गावी परतणार होता. म्हणूनच ही सगळी धावपळ. लीग काढण्यामागे त्याची समाजसेवा वगैरे काही नव्हती. समाजसेवा म्हणून करतो असं तो म्हणायचा खरा, पण ते खोटं होतं. त्याला जाण्यापूर्वी एक खरीखुरी मॅच खेळायची होती. अंगात जर्सी, पंचाची शिट्टी, आणि कुठेतरी आपलं नाव. बस्स, एवढंच. हे त्याने जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, ते म्हणजे बायकोला. आणि मुक्ताने ते वाडीभर केलं होतं.

“सगळी जणां माझ्या मोबायलार बघूक येतली,” ती फोनवर म्हणाली. “तुमी खरोखरचे खेळतलात मा?”

“होय तर! खेळान मगच घराक येतलंय,” पुंडलिक म्हणाला आणि त्या दिवसापासून गुपचूप जिने चढायला लागला.

लीग म्हटली की नियम आले. ते काम प्रीतम केळकरने अंगावर घेतलं. प्रीतम पुंडलिकच्याच रिफायनरीत इंजिनिअर, मूळचा पुण्याचा, स्वभावाने गोड, पण कागद दिसला की त्याला चेव यायचा. अमेरिकेत खालच्या डिव्हिजनच्या नव्या प्रोफेशनल लीग कशा थाटामाटात सुरू होतात, यावर तो रोज जेवणाच्या सुट्टीत व्याख्यान द्यायचा. तिथे कमिशनर असतो, तिथे घटना असते, तिथे संघमालकांची सभा असते. आपलीही प्रोफेशनलच हवी, असा त्याचा हट्ट.

“प्रोफेशनल म्हणजे काय रे सायबा?” वेल्डरांच्या कप्तानाने विचारलं.

“म्हणजे खेळाडूला मोबदला मिळतो.”

मोबदला द्यायला पैसे कुणाकडे होते? मग मुनव्वरने त्याची बायको फखरुन्निसा हिच्याकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, “खेळणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडून बिर्याणी. चालंल?” अशा रीतीने खालची लीग प्रोफेशनल झाली.

सहा संघ जमले. कॅफेटेरियात सभा भरली. कमिशनर कोण, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी एकाच सुरात पुंडलिकचं नाव घेतलं. मुनव्वरने त्याच्या खांद्यावर शाल टाकली. खरं तर ती फखरुन्निसाची हिवाळी शाल होती. पुंडलिकला भरून आलं. आमच्याकडे मानाला कुणी नाही म्हणत नाही. देवळातला मान असो, पालखीचा असो, नाहीतर लग्नात पहिल्या पंगतीला बसण्याचा असो. मान आला की मान झुकवायची आणि घ्यायचा. त्याने घेतला. टाळ्या पडल्या.

मग प्रीतमने घटना वाचली. “नियम पाचवा. निष्पक्षतेच्या दृष्टीने लीगचा कमिशनर कोणत्याही संघाकडून खेळू शकणार नाही.”

टाळ्यांसाठी उचललेले पुंडलिकचे हात तसेच राहिले. शाल एकदम जड वाटायला लागली.

“अमेरिकेत असंच असतं,” प्रीतम उत्साहाने म्हणाला. “कमिशनर सगळ्यांचा असतो, पुंडलिकभाऊ. तो एका संघाचा कसा होईल?”

“बरोबर आसा,” पुंडलिक म्हणाला. “नियम म्हंजे नियम.” आणि तो हसला. ते हसू इतकं वाईट जमलं होतं की मुनव्वरने त्याच्यापुढे न मागता दुसरा चहा ठेवला.

सभा पांगल्यावर मुनव्वरने त्याला कोपऱ्यात गाठलं. “पुंडलिक, तुका खेळूचा होता मा?”

“छ्या! माझा वय काय खेळूचा?”

“मगे जिने कित्याक चढतंस रोज? माझी बायल खिडकीतसून बघता तुका.”

पुंडलिकने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाला, “मान घेतलंय, आता परत कसो देव? लोक काय म्हणतले?”

“परत देव नको. शेवटचो नियम ऐकलंस? सगळ्या कप्तानांनी सभेत होय म्हटला तर खयचोव नियम बदलता येता. तू फकस्त माग.”

“मी नाय मागूचंय.” पुंडलिकने मान हलवली. “आमी घाडी. गावात गाऱ्हाणा आमी घालतो. बापाशीन माका एकच शिकवल्यान, घाड्यान दुसऱ्यांसाठी मागूचा. स्वतासाठी तोंड उघडूचा नाय.”

मुनव्वर काही बोलला नाही. पण तो गप्प बसला म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं, हे पुंडलिकला कळायला हवं होतं. त्याचं लक्ष नव्हतं. मुक्ताला काय सांगायचं या विवंचनेत तो होता. तिचा फोन आला तेव्हा त्याने हवापाण्याच्या गोष्टी केल्या, कोंबड्यांची चौकशी केली, आणि खेळण्याचा विषय निघताच रेंज नाही म्हणाला. रेंज उत्तम होती.

उद्‌घाटनाचा शुक्रवार उजाडला. हवा छान गार होती, समुद्राकडून वारा येत होता. महबूल्यामागच्या भाड्याच्या टर्फवर सहा संघ सहा रंगांत उभे होते: वेल्डर, मल्याळी ड्रायव्हर, नेपाळी वॉचमन, रायगडचे दुकानदार, हैदराबादी पेंटर आणि आपले खाडीकाठवाले. पुंडलिक शाल पांघरून मधोमध. आतून त्याने खाडीकाठची निळी जर्सी घातली होती. का घातली, ते त्याला विचारू नका. सकाळी हात आपोआप तिकडे गेला.

कार्यारंभी गाऱ्हाणं व्हायलाच हवं होतं. मालवणी माणूस नवी होडी पाण्यात टाकताना, नवं दुकान उघडताना, एवढंच काय क्रिकेटची टूर्नामेंट लावतानाही गाऱ्हाणं घालतो. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. त्यात एक गंमत असते. गाऱ्हाण्यात ‘नाय म्हाराजा’ म्हणायची सोयच नसते.

पुंडलिकने हात जोडले, डोळे मिटले आणि खाडीपार जाईल असा आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां परमुलखात एक खेळ मांडतत रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” कोकणातले सगळे गरजले.

“ह्या वेल्डरांच्या डोळ्यांका आणि पायांका बळ दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” या वेळी मल्याळीही सामील झाले.

“कोणाक ड्युटीर बोलावणा येव नये, कोणाचो पाय मोडू नये, आणि कोणाच्या मनात काय वाकडा आसात तर ता सरळ कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” नेपाळी, हैदराबादी, सगळेच. इजिप्तचे पंच सबरी यांना यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तिसऱ्या खेपेला त्यांचाही आवाज खणखणीत लागला.

पुंडलिकने सगळ्यांसाठी मागितलं. वॉचमनांच्या सुट्टीसाठी, ड्रायव्हरांच्या पाठीसाठी, प्रीतमसायबाच्या बढतीसाठी, फखरुन्निसाच्या बिर्याणीला बरकत यावी म्हणून. स्वतःचं नाव काढलं नाही. डोळे उघडून त्याने हात खाली घेतले, तोच मुनव्वर पुढे आला.

“थांबा. माझा ऱ्हवला.”

“तू गाऱ्हाणा घालतलंस?” पुंडलिक चकित झाला.

“देवाक मी काय सांगतलंय? त्येका तू सांगितलंस. मी कप्तानांका सांगतंय.” आणि मुनव्वरने सहा कप्तानांकडे तोंड करून, अगदी घाड्याच्या सुरात आवाज चढवला, “बा कप्तानांनो म्हाराजा! ह्यो जो पुंडलिक, तेना आजवर आमका पाणी पाजल्यान रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आमचे घाणेरडे बूट सांभाळल्यान रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” यात जरा हशा मिसळला.

“तो आता कायमचो घराक जाता. तेका एकच मॅच खेळूची आसा, पण तो मेलो तोंडान मागणा नाय रे म्हाराजा!”

पुंडलिकचे कान लाल झाले. त्याने मुनव्वरची बाही ओढली. मुनव्वर ढिम्म.

“तर नियम पाचवो आजच्या दिवस बाजूक करा, आणि तेका मैदानात घेवा रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!!”

टर्फ दणाणून गेलं. सगळ्या कप्तानांनी म्हटलं, संघांनी म्हटलं, कठड्यामागे उभ्या बघ्यांनी म्हटलं. आणि सगळ्यात मोठ्याने कोण म्हणाला असेल, तर प्रीतम. म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने हातातली घटना उघडली, तोंड उघडलं, दोन्ही मिटलं.

“सभेत सर्व कप्तानांची सहमती झालेली आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “नियमानुसारच झालंय.” मग त्याने स्वतः पुढे होऊन पुंडलिकच्या खांद्यावरची शाल काढली. आतली निळी जर्सी दिसताच सगळीकडे शिट्ट्या वाजल्या, आणि पुंडलिकने चेहरा दोन्ही हातांनी झाकला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला दुसरी जागा नव्हती.

पहिली मॅच खाडीकाठ विरुद्ध रायगड दुकानदार. पुंडलिकला शेवटी-शेवटी उतरवलं, बचावात. फखरुन्निसाने मोबाइल उंच धरला होता आणि त्यातून मुक्ताचा आवाज येत होता, “ते बघ, ते बघ, ते जाडे ते!” मागे सगळी वाडी कलकलत होती.

तोपर्यंत एक-एक अशी बरोबरी होती. दुकानदारांचा अरबाज चेंडू घेऊन वाऱ्यासारखा निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि समोर उरला पुंडलिक. त्याने पाय टाकला. चेंडू निघून गेला. अरबाजही निघून चालला. आणि मग पुंडलिकच्या अंगात तीस वर्षांपूर्वीचा कबड्डीपटू जागा झाला. त्याने जमिनीवर सूर मारला आणि अरबाजचा घोटा दोन्ही हातांनी असा पकडला की अरबाज जागच्या जागी आडवा.

“अंकल! व्हॉट आर यू डुइंग? धिस इज नॉट कबड्डी!” अरबाज जमिनीवरूनच ओरडला. पुंडलिकने घोटा सोडला नव्हता. सवयीने तो अरबाजचा दम सुटायची वाट बघत होता.

सबरींची शिट्टी वाजली. ते धावत आले, खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि पुंडलिकच्या डोक्यावर धरलं. खालच्या लीगचं पहिलं पिवळं कार्ड, आणि तेही तिच्या कमिशनरला! प्रीतमने कपाळावर हात मारून घेतला. मुनव्वर हसून हसून खाली बसला.

सबरींनी पेन काढलं. “इस्मक?” त्यांनी विचारलं. नाव काय तुझं?

पुंडलिक उठला. त्याने जर्सीवरचे काळे रबरी कण झटकले, ताठ उभा राहिला आणि गाऱ्हाण्याच्याच आवाजात, मोबाइलमध्ये वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, “पुंडलिक विठोबा घाडी. मुक्काम खालची वाडी, तालुका देवगड.”

सबरींना त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण त्यांनी मान डोलावली आणि लिहायला लागले. मग थांबले, त्याच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “होय म्हाराजा.”